मामालाच पाठवा

११ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला ठेवशील आणि मग दाजी दुकानात गेले की उघडशील, एवढं मला ठाऊक आहे. चार वर्षं बोलली नाहीस म्हणून माझी बहीण बदलली असं नाही.

बातमी तुला लागली असेलच, तरी माझ्याकडून कळू दे. नऊ मार्चला बाईचा बॉक्सिंगमधला अजिंक्यपदाचा सामना आहे, दहा फेऱ्यांचा, आणि समोर तुझी टाचणी आहे. म्हणजे एका कोपऱ्यात माझी भाची, जिच्या हाताला अकराव्या वर्षी पहिली पट्टी मी बांधली. दुसऱ्या कोपऱ्यात बाई, जिच्या पाठीशी मी सहा वर्षं बादली, बर्फ आणि तोंड घेऊन उभा आहे.

हॉलमध्ये सगळे मला सुट्टी घ्या म्हणतात. मास्तर, महिनाभर कुठेतरी फिरून या, नात्याचा गुंता आहे. मी म्हटलं, ताडपत्री शिवत शिवत इथवर आलो, गुंता सोडवायची सवय आहे. म्हणायला काय जातं. सुई पोटात जाते ती नंतर.

मला दोन्ही हवंय, ताई. बाईचा अजिंक्यपदाचा पट्टा तिच्याकडे राहावा, तिचं चौतिसावं चालू आहे, आणि तू माझ्याशी बोलावंस. दोन्ही कसं होणार ते विचारू नकोस. मी स्वतःलाही विचारत नाही, उठून येरझारा घालतो.

चार वर्षांपूर्वीच्या त्या टॉवेलचं पुन्हा एकदा सांगतो. टाचणी जिंकत होती, मान्य. आठवी फेरी होती, मान्य. पण मला तिचा श्वास ऐकू आला होता. शिट्टीत खडा अडकावा तसा. मी टॉवेल टाकला, सामना थांबला, ती हरली आणि माझ्याकडून निघून गेली. डॉक्टरांना काही सापडलं नाही, म्हणजे काही नव्हतंच असं होत नाही. माझ्या कानांनी मला आजवर दगा दिलेला नाही.

दाजींना नमस्कार.


२६ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. पण दाजींचा फोन आला होता. दुकानातून, दबक्या आवाजात, जसा काही चोरीचा माल विकतायत. म्हणाले, पत्र फाडलं नाही, शिवणाच्या डब्यात ठेवलंय. मला तेवढं पुरे.

इथे सराव जोरात आहे. बाई सकाळी सहाला येते. पूर्वी हॉस्पिटलच्या धुलाईघरात ओल्या चादरी उपसायची, त्यामुळे खांदे असे की तिचा ठोसा बॅगेवर बसला की भिंतीवरचं घड्याळ हलतं. मी बघत नाही, पाठ करून उभा राहतो. ठोसा नीट बसला की आवाज भरीव येतो, मनगट वाकलं की फाटका येतो. पाठमोरा 'मनगट' म्हटलं की ती हसते. म्हणते, मास्तर, तुमच्या बायकोने तुम्हाला कसं सहन केलं असेल, जिन्यावरच्या पावलांवरून तुम्ही भाजीत मीठ किती ते सांगत असाल.

परवा तिने विचारलंच. "तुमची भाची. काय सांगाल?"

मी सांगितलं. उजवा हात जड आहे. सगळी भिस्त त्याच्यावर. डावा तसा हलका, चुचकारायला वापरते. एवढं तर तिच्या जुन्या सामन्यांच्या चित्रफिती बघून कुणीही सांगेल. जे फक्त मला ठाऊक आहे ते काही सांगितलं नाही. बाईने मान डोलावली आणि पुढे विचारलं नाही. ती विचारत नाही तेव्हा मला जास्त त्रास होतो.

पत्रकारांसमोर आम्हाला एका रांगेत बसवलं. आयोजकाला मामा-भाचीचा तमाशा हवा होता. मधोमध मला बसवलं, लग्नातल्या मध्यस्थासारखं. टाचणीने माझ्याकडे पाहिलं ते काचेतून पलीकडे पाहावं तसं. वाळली आहे. हनुवटी तुझी, हट्ट आपल्या आईचा. मला काय विचारलं आणि मी काय बोललो, आठवत नाही. खुर्ची तेवढी कुरकुरत होती, ते आठवतं.


८ मार्च, दुपार

ताई,

वजनं झाली. दोघीही मर्यादेत.

आज एक गोष्ट झाली, ती तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. तुला माहीत आहे, सामन्याआधी हाताला पट्ट्या बांधतात तेव्हा समोरच्या गोटातला एक माणूस त्या खोलीत उभा राहून बघतो. पट्टीत कुणी काही कडक लपवू नये म्हणून. बांधून झालं की निरीक्षक टेपवर पेनने सही करतो. आमच्याकडून या कामाला माझा मदतनीस जातो, मोठा जबाबदार गडी आहे. पण आज टाचणीच्या प्रशिक्षकाचा, त्या चष्मेवाल्याचा निरोप आला. पट्ट्या बघायला मामालाच पाठवा, ती म्हणते.

चार वर्षांनी तिने माझं नाव घेतलं, ताई. मामा म्हणून घेतलं.

मी मदतनिसाला म्हटलं, उद्या तू बाईपाशी थांब. तो म्हणाला, मास्तर, डोळे पुसा आधी. मी म्हटलं, मलमाची वाफ गेली. त्याने मलमाची बाटली उचलून दाखवली. झाकण लागलेलं होतं.


१० मार्च

ताई,

अभिनंदन. तुझी लेक अजिंक्य आहे. दाजी म्हणाले, तू टीव्ही लावला नाहीस, स्वयंपाकघरात भांडी घासत बसलीस आणि घासलेलीच पुन्हा घासलीस. म्हणून मी सांगतो कसं झालं.

आधी पट्ट्यांची खोली. एवढीशी, एक टेबल, दोन खुर्च्या. टाचणी खुर्ची उलटी करून बसली होती, खुर्चीच्या पाठीवर हात टेकवून. मी आत गेलो तेव्हा तिने मान वर केली नाही. चष्मेवाल्याने उजवा हात घेतला. कापडी पट्टी, मग टेप, बोटांच्या बेचक्यांतून. ती सावकाश श्वास सोडत बसली होती, डॉक्टरांपुढे बसावं तशी. मग डावा. तिसऱ्या आणि चौथ्या बोटामधून टेप ओढला, आणि तिचा श्वास नाकात अडला. एवढासा. निरीक्षक पेन शोधत होता, त्याला कळलंही नाही. मला कळलं. डावा हात दुखावलेला आहे.

सही झाली. मी निघालो. दारात ती म्हणाली, "नीट पाहिलंस ना, मामा?"

मी म्हटलं, पाहिलं.

मी कुणाला काही बोललो नाही.

सामना असा झाला. पहिल्या सहा फेऱ्या बाईच्या, निदान चार तरी नक्की. टाचणीचा डावा नुसता टिचक्या मारत होता. उजवा तिने फारसा टाकलाच नाही, कारण बाईने त्या बाजूला भिंतच उभी केली होती. मला वाटलं, पट्टा राहतोय. सातव्या फेरीला मिनिट झालं असेल. टाचणी वाकली, आणि तोच डावा खालून आला, बाईच्या उजव्या बरगडीखाली, यकृतावर. कुठे भिंत नाही, काही नाही. तो आवाज मी ओळखतो. भरीव. बाई क्षणभर उभी होती, मग गुडघ्यावर बसली, जसं कुणी खाली पडलेलं काही शोधायला बसावं. पंचाने दहा मोजले. तेवढ्यात ती उठू शकली नाही.

माझ्या कोपऱ्यात मी उभा होतो आणि आतून काहीतरी वर उसळलं. तो आनंद होता की काय होतं, त्याचा मी छडा लावलेला नाही.


११ मार्च

ताई,

कालच्या पत्रात एक वाक्य खोटं आहे. कोणतं ते तू ओळखलं असशील, लहानपणी माझ्या तोंडाकडे न बघताही ओळखायचीस.

मी सांगितलं. पट्ट्यांच्या खोलीतून आमच्या खोलीत आलो. बाई ग्लोव्ह्ज घालून बसली होती. तिने विचारलं, काय पाहिलंत? मी दरवाजा लावून घेतला आणि म्हटलं, "डावा दुखावलाय. डाव्याची काळजी सोड. उजवा अडव."

भाची असली तरी मी बाईच्या कोपऱ्यातला माणूस आहे. ती मार खायला जाणार आणि मी माहिती खिशात ठेवणार, हे मला जमलं नसतं. असं मी स्वतःला सांगितलं. पण तिथून चालत येताना कॉरिडॉरमध्ये मी दोनदा मागे वळलो, ताई. दोनदा. आणि दोन्ही वेळा पुन्हा बाईच्या खोलीकडेच चालायला लागलो.

आता पुढचं. काल कळलं की टाचणीच्या उजव्या हाताला प्लास्टर घातलंय. उजव्या. करंगळीखालचं हाड तडकलेलं होतं, सामन्याच्या दहा दिवस आधीपासून. म्हणजे मोडका हात उजवा होता आणि तिने मला ऐकवला डावा.

हॉलमध्ये हे सगळ्यांना कळलं. सकाळपासून कुणी माझ्याशी धड बोलत नाही. मी गेलो की बॅगांचे आवाज थांबतात. मदतनीस तेवढा म्हणाला, लोक म्हणतात, मास्तरांनी भाचीसाठी बाईला विकलं. लोक म्हणतात, असं तो म्हणाला. म्हणजे त्यालाही तसं वाटतं.

बाई दुपारी आली. बरगडी धरून. बाकावर बसली. मला वाटलं रागावेल, शिव्या घालेल, तिला येतात चांगल्या. तिने सरळ विचारलं, "मास्तर, तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं का?"

मी म्हटलं, नाही.

"मग तुमच्यासारख्या माणसाला चुकीचं ऐकू कसं आलं?"

साऱ्या गावाला माझ्या कानांच्या गोष्टी मीच सांगितल्यात. ती उठली, तिच्या कपाटातलं सामान पिशवीत भरायला लागली. बूट, दोरी, जुना रंग गेलेला झगा. मी बघत राहिलो.

अजिंक्यपद गेलं, त्याचं एक वेळ चालेल. पण सहा वर्षं जिने माझ्या शब्दावर हात वर-खाली केले, तिला मी चोर वाटतोय. आणि खरं काय घडलं हे सांगू शकेल अशी जगात एकच व्यक्ती आहे, ती तुझ्या घरात प्लास्टर घालून बसली आहे. मी तिला फोन करणार नाही. कोणत्या तोंडाने करू? मी तर तिला विकायला निघालो होतो. ते खरंच आहे, फक्त माल उलटा निघाला.

तू तिला काही सांगू नकोस. किंवा सांग. मला कळत नाही.


१५ मार्च

ताई,

तू सांगितलंस. नाही म्हणू नकोस, दाजींना खोटं बोलता येत नाही.

टाचणी काल सकाळी हॉलमध्ये आली. सरावाची ऐन वेळ, वीस-बावीस जण असतील. गळ्यात हात अडकवलेला, दुसऱ्या हातात तुझी भाजीची पिशवी. तिच्यात पट्टा होता. अजिंक्यपदाचा पट्टा भाजीच्या पिशवीत घालून बसने आली ही मुलगी. बाईला तिने आधीच निरोप धाडला होता, तीही आलेली.

मध्ये उभी राहून टाचणी म्हणाली, मामाला काही माहीत नव्हतं, मी त्याला फसवलं. एकाने मागून विचारलं, मास्तरांना फसवलं म्हणजे कसं, त्यांना तर भिंतीपलीकडचं ऐकू येतं.

तेव्हा तिने सांगितलं. लहान असताना मीच तिला शिकवलं होतं, लागलं की श्वास धरायचा नाही, सावकाश सोडायचा, धरलास की समोरच्याला कळतं. तर तिने उजव्या हाताची पट्टी बांधताना, हाड तडकलेलं असताना, सावकाश श्वास सोडला. आणि डाव्याच्या वेळी, काही नसताना, धरला. मी शिकवलेलं माझ्यासमोर करून दाखवलं, आणि मी त्यात फक्त मला हवं तेवढं ऐकलं.

सगळे हसले, ताई. मीही हसलो. ज्यावर माझं दुकान चालतं त्या कानांची माझ्याच हॉलमध्ये वरात निघाली. पण चोरापेक्षा मूर्ख बरा. मूर्खाला लोक चहा तरी देतात.

बाई हसली नाही. तिने विचारलं, "मास्तर मला सांगतीलच, हे तुला कशावरून ठाऊक?"

टाचणी माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा कोपरा सोडत नाही. ज्याच्या कोपऱ्यात उभा असतो त्याचाच असतो. मी होते तेव्हा माझा होता." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि दुसरं म्हणजे, मामा, तू माझा श्वास ऐकतोस. मला विचारत नाहीस. त्या दिवशीही विचारलं नव्हतंस. टॉवेल टाकलास. मी ठीक होते."



ती ठीक होती, ताई. चार वर्षं मी तुला आणि सगळ्यांना सांगत आलो की मला काहीतरी ऐकू आलं होतं. ऐकू आलं होतं हे खरं. पण तो खडा तिच्या श्वासात नव्हता, माझ्या छातीत होता. समोरची पोरगी दांडगी होती, आणि मला एकसारखं दिसत होतं की मी तुझ्या दारात उभा आहे आणि तुला काहीतरी वाईट सांगतोय. मी घाबरलो आणि त्याला कान असं नाव दिलं.

मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं, चुकलो. ती म्हणाली, ठीक आहे. नुसतं ठीक आहे. मग बाईला म्हणाली, बरगडी कशी आहे. बाई म्हणाली, तुझा हात कसा आहे. दोघी बाकावर बसल्या आणि औषधांबद्दल बोलत राहिल्या, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारख्या.

बाईने पिशवी पुन्हा कपाटात रिकामी केली. जाताना मला म्हणाली, पुढच्या वेळी पट्ट्या बघायला मदतनिसालाच पाठवा.


२२ मार्च

ताई,

तू आत्ताच गेलीस. अजून बाकावर अवकाळी पावसात भिजलेल्या तुझ्या छत्रीचा डाग आहे.

सत्तावीस वर्षांत तू या हॉलमध्ये पहिल्यांदा पाय ठेवलास. आलीस, बाकावर बसलीस, बॅगांकडे बघत राहिलीस. पोरं-पोरी आपोआप हळू मारायला लागल्या. मी शेजारी बसलो. सवयीने कान टवकारले, तुझा श्वास कसा चाललाय, पदराचं टोक पिळतेयस का. आणि मग ते सोडून दिलं आणि विचारलं, ताई, रागावली आहेस का. तू म्हणालीस, "हो." मग म्हणालीस, "म्हणून काय यायचं नाही?"

मला एवढं बरं कधीच वाटलेलं नाही. निघताना तू म्हणालीस, रविवारी जेवायला ये. मी हो म्हटलं, तुला कोपऱ्यापर्यंत सोडलं, बस येईपर्यंत दाजींच्या गुडघ्याबद्दल बोललो. आणि जे सांगायला हवं होतं ते गिळलं. तू गेल्यापासून तीनदा उठलोय, तीनदा बसलोय.

टाचणी तीन दिवसांपूर्वी मला भेटली. तुला तिने सांगितलेलं दिसत नाही. चष्मेवाला दुसरीकडे चाललाय. ती म्हणाली, मामा, माझ्या कोपऱ्यात ये. मी तिच्या श्वासाकडे लक्ष दिलं नाही. विचारलं, खरंच हवंय तुला? ती म्हणाली, खरंच.

मी नाही म्हटलं.

बाईला परतीचा सामना मिळणार आहे, सप्टेंबरात. दोघींच्या करारात तसं आहे. बाई काल सहाला आली, बरगडीला पट्टा बांधून, आणि नुसती बरगडी झाकायची उजव्या कोपराची जागा घोटत राहिली, तास दीड तास. तिला माझ्यामुळे हरावं लागलं. मी तिच्या मागे उभा राहणार आहे.

आणि उभा राहणार म्हणजे नुसता बादली घेऊन नाही. फेब्रुवारीत जे मी बाईला सांगितलं नव्हतं, जे फक्त मला ठाऊक आहे, ते या वेळी सगळं सांगणार आहे. दमली की टाचणी कोणता पाय ओढते. चिडली की किती वेळात डोकं पुढे काढते. सगळं. टाचणीला मी हे तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, मग मलाही पाय बदलावा लागेल. ती हसत होती का, ते मी तिला विचारलं. म्हणाली, नाही.

सप्टेंबरात तुझी लेक हरावी असं मला मनापासून वाटेल, ताई. ती पडली तर मी बाईचा हात वर करीन, आणि मग पळत तिच्याकडे जाईन, पण आधी बाईचा हात.

तू रविवारी ये म्हणालीस तेव्हा हे तुला ठाऊक नव्हतं. आता आहे. तेव्हा पुन्हा एकदा सांग, येऊ का?